फ्लेबोटॉमीचा चार महिन्यांचा कोर्स : ५ पैकी अडीच स्टार, त्यातले दोन एकट्या मॅडमचे

सरळ सांगतो, रक्त काढायला शिकवणारा सर्टिफिकेट कोर्स मी पुण्यात हडपसरच्या बाजूला एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये केला, २८ हजार फी भरली, कोर्स संपून आता दोन वर्षं झाली आणि सध्या मी एका लॅबसाठी होम कलेक्शन करतो. म्हणजे सकाळी साडेपाचला तुमच्या बिल्डिंगखाली बाईक लावून, आइसबॉक्सची बॅग पाठीवर टाकून वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिणारा जो पोरगा असतो ना, तो मी. त्याआधी तीन वर्षं जेवण डिलिव्हरी करायचो. बाईक तीच, हेल्मेट तेच, फक्त आधी बॅगेत गरम बिर्याणी असायची आता गार रक्त असतं, आणि आधी लोक म्हणायचे लवकर ये, आता म्हणतात जरा सावकाश.

इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाही. एक तर मला कटकट नको, आणि दुसरं म्हणजे नाव घेऊन उपयोग पण नाही, असल्या इन्स्टिट्यूट प्रत्येक मोठ्या एसटी स्टँडच्या आजूबाजूला पहिल्या मजल्यावर आहेत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर पॅरामेडिकल. गावाकडून (मी बार्शीचा) पोरं सारखी फोन करून विचारतात की दादा कोर्स करू का, कुठं करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळेला हीच लिंक पाठवीन.

आधी ॲडमिशनचं सांगतो. काउन्सिलर मॅडम लय गोड बोलल्या. शंभर टक्के प्लेसमेंट, एसी क्लासरूम, मोठ्या हॉस्पिटलशी टायअप, आणि "शंभर लाइव्ह प्रिक करून घेतो आम्ही प्रत्येकाकडून". लाइव्ह प्रिक म्हणजे खऱ्या माणसाच्या हातातून रक्त काढणं. मी बारावी सायन्स, ५१ टक्के, मला वाटलं शंभर म्हणजे भरपूर. आणि एक वाक्य असं टाकलं की मी तिथंच फसलो, "डीएमएलटीला कशाला एवढी वर्षं घालवता, काम तर तेच आहे" (डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा). तेच नाहीये हो. डीएमएलटीवाला सँपल मशीनला लावतो, स्लाइड बघतो, कंट्रोल रन करतो, रिपोर्टची आकडेमोड त्याच्या हातातून जाते. फ्लेबो (लॅबमध्ये आम्हाला फ्लेबोच म्हणतात) फक्त सँपल काढतो, लेबल लावतो आणि नीट पोचवतो. आमचं काम हलकं आहे असं मी बिलकुल म्हणत नाही, सँपलच चुकीचं असेल तर करोडोचं मशीन पण चुकीचाच रिपोर्ट देणार, पण पुढं वाढायचं असेल तर दोन्हीतला फरक फी भरायच्या आधी कळायला पाहिजे. मला तो कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात कळला.

२८ हजारांवर परीक्षा फी वेगळी, किट वेगळं, ॲप्रन वेगळा. किटमध्ये काय, तर एक टर्निके, दहा सिरिंज, कापूस, आणि एक वही. टर्निके म्हणजे दंडाला बांधायचा तो पट्टा, आमचा दुसऱ्या दिवशी तुटला.

क्लासरूममध्ये एसी होता. चालू मी कधी बघितला नाही.

आता मॅडमचं सांगतो, कारण अडीचातले दोन स्टार त्यांचे आहेत (उरलेला अर्धा पाण्याच्या फिल्टरला, तो खरंच चांगला होता). मॅडम सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, बावीस वर्षं रक्त काढलेलं, चष्मा गळ्यात लटकवलेला आणि शिकवताना पुस्तक कधी उघडायच्याच नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर सहा रंगांचे खडू घेऊन ट्यूबची टोपणं काढली आणि म्हणाल्या, हे पाठ नाही केलं तर बाकी काही शिकू नका. रक्त कुठल्या ट्यूबमध्ये आधी आणि कुठल्यात नंतर याचा क्रम असतो, ऑर्डर ऑफ ड्रॉ. इन्स्टिट्यूटच्या नोट्समध्ये इंग्रजीत एक फॉर्म्युला होता तो कुणाच्या डोक्यात शिरला नाही. मॅडमनी सांगितलं, निळं आभाळ, लाल सूर्य, पिवळं ऊन, हिरवं शेत, जांभळी संध्याकाळ, राखी रात्र. झालं. फिकट निळी सायट्रेटची, लाल साधी, पिवळी जेलची, हिरवी हेपॅरिनची, जांभळी ईडीटीएची, राखाडी फ्लोराइडची (ट्यूबमध्ये आधीच जे घातलेलं असतं त्याची ही नावं). ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का बघायची टेस्ट) असेल तर ते सगळ्यात आधी, "आभाळाच्या पण वर देव" असं त्या म्हणायच्या. आजही पहाटे झोपेत असलो तरी हाताला तोच क्रम येतो.

आणि क्रम का, हे पण सांगितलं, जे मला नंतर कळलं की बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत. जांभळ्या ट्यूबमध्ये जे ईडीटीए असतं त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. आधी जांभळी भरली आणि त्यातला थेंब जरी लाल-पिवळ्यात गेला तर पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम कमी झालेलं दिसणार. मॅडम म्हणाल्या, "पोटॅशियम सात आलं तर डॉक्टर धावत सुटतो, पेशंटला ॲडमिट करतो, घरचे रडतात, आणि चूक कुणाची तर तुझी, तू टोपणांचा क्रम बदललास." हे ऐकल्यावर वर्ग गप्प झाला. तसंच टर्निके एक मिनिटाच्या वर ठेवायचा नाही, आणि पेशंटला मूठ सारखी उघड-बंद करायला लावायची नाही, त्यानं पण पोटॅशियम वाढतं. आपल्याकडे तर पेशंट खुर्चीत बसला की न सांगताच मूठ पंप करायला लागतो, पिक्चरमध्ये बघितलेलं असतं ना. मला रोज सांगावं लागतं, काका नुसती मूठ धरा, हलवू नका.

थिअरी सगळी अशी भारी होती असं नाही हं. मॅडम आठवड्यातून दोनच दिवस यायच्या. बाकीचे दिवस एक सर यायचे जे प्रोजेक्टरवर परदेशी व्हिडिओ लावून बाहेर फोनवर बोलत बसायचे. व्हिडिओत सगळ्या पेशंटचे हात गोरे आणि शिरा निळ्याशार, नकाशावरच्या नद्यांसारख्या. आपल्याकडं सावळा हात, त्यात शुगरवाली जाडी काकू, तिथं निळं काय दिसणार कपाळ?

मग प्रॅक्टिकल. एक रबरी हात होता. बत्तीस पोरांत एक. त्या हाताला आम्ही आणि आमच्या आधीच्या कित्येक बॅचनी एवढं टोचलेलं की कोपराच्या घडीत शिरेवर सरळ भोकांची रांग दिसायची, सुई आपोआप घसरून आत जायची, आणि लाल पाणी टेबलावर गळायचं. त्यावर मी पहिल्याच दिवशी पास. सगळेच पास. पंधरा ते तीस अंशाचा कोन, सुईचं तिरकं तोंड वर, टर्निके चार बोटं वरती, हे सगळं बरोबर शिकवलं, नाही म्हणणार नाही. पण रबरी हात घाबरत नाही, आखडत नाही, त्याची शीर पळत नाही, त्याला घाम येत नाही, आणि तो "आई गं" म्हणत नाही.

दुसऱ्या महिन्यात आम्ही एकमेकांना टोचलं. मला ज्या पोरीनं टोचलं तिचा हात इतका थरथरत होता की मीच तिला म्हणालो, ताई सावकाश, मी कुठं पळत नाही. तिनं तिसऱ्यांदा मारल्यावर रक्त आलं आणि ती खाली बसली, म्हणजे रक्त माझं गेलं आणि चक्कर तिला आली. यात पण शिकण्यासारखं होतं, कुणी चक्कर येऊन पडतंय वाटलं तर आधी टर्निके सोडायचा, सुई काढायची, मग आडवं करून पाय वर. उलटं केलं तर सुई आत राहून हात फाटतो. हे मॅडमनी तिथल्या तिथं करून दाखवलं, तेवढाच तो दिवस कामाचा.

आता त्या शंभर लाइव्ह प्रिकचं. माझे झाले अकरा. सहा वर्गातल्या पोरांवर आणि पाच हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये. पोस्टिंग एक महिन्याचं होतं, त्यातले पहिले पंधरा दिवस मी रिसेप्शनला बारकोड चिकटवत होतो, नंतर वॉर्डातून सँपल आणायला लिफ्टनं वरखाली, आणि शेवटच्या आठवड्यात तिथल्या एका सिस्टरना दया आली म्हणून त्यांनी पाच पेशंट दिले. हॉस्पिटलची पण चूक नाही म्हणा, कोण आपला पेशंट शिकाऊ पोराच्या हातात देईल. पण मग शंभर कशाला सांगता? आणि कळस म्हणजे कोर्स संपताना लॉगबुक भरायला सांगितलं, शंभर ओळी, तारीख, पेशंटचं वय, कुठली शीर, कुठली सुई. आम्ही सगळ्यांनी एका दुपारी बसून वडापाव खात खोटं भरलं. मी ८९ पेशंट मनानं तयार केले. माझ्याच हस्ताक्षरातलं ते लॉगबुक घरी कपाटात आहे, मला आजही त्याची लाज वाटते, आणि इन्स्टिट्यूटवरचा राग त्याच एका गोष्टीचा जास्त आहे, २८ हजारांपेक्षा जास्त.

सुई टोचण्याचा एक प्रकार सांगतो, तो वाचाच. पोस्टिंगमध्ये आमच्या बॅचच्या एका मुलीनं वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचा प्रयत्न केला आणि सुई बोटात घुसली. इन्स्टिट्यूटला फोन केला तर तिकडून उत्तर, "घाबरू नको, डेटॉल लाव". नशीब त्या दिवशी मॅडमना फोन लागला. त्या म्हणाल्या, साबण-पाण्यानं धू, बोट पिळू नको, चोखू नको, आणि स्वतः रिक्षा करून तिला सरकारी हॉस्पिटलला घेऊन गेल्या, कारण एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं औषध सुरू करायचं असेल तर जेवढं लवकर तेवढं चांगलं, दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि ७२ तासांच्या पुढं गेलं की उपयोग राहत नाही. पोरगी ठीक आहे आता. पण नंतर मॅडमनी विचारलं की हिपॅटायटिस बीची लस कितीजणांनी घेतलीय तेव्हा बत्तीसातले चारच हात वर. ती लस तीन डोसची असते, आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात, म्हणजे कोर्स सुरू होतानाच पहिला डोस पाहिजे. एचआयव्हीला सगळे घाबरतात पण सुई टोचून हिपॅटायटिस बी व्हायची भीती त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असते, एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा शंभरात तीसपर्यंत जातो. फी घेताना ॲप्रनचे पैसे आठवले, लस नाही आठवली.

टोपण परत लावायचंच नाही, हा नियम. सुई सरळ कटरमध्ये किंवा पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंजचा प्लास्टिकचा भाग आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, काच निळ्यात. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम आहेत हे. हा धडा परीक्षेत होता पण आमच्या क्लासरूममध्ये डबा एकच, निळा, घरगुती कचऱ्याचा.

मग मी खरं शिकलो कुठं? कोर्स झाल्यावर शंभर टक्के प्लेसमेंटमध्ये मला टेलिकॉलिंगचा जॉब आला (हो, लॅबच्या पॅकेजचे फोन करायचे, तो पण प्लेसमेंटमध्येच मोजला म्हणे). मी नाही म्हणालो आणि बार्शीला परत गेलो. तिथं ओळखीच्या एका छोट्या लॅबमध्ये तीन महिने जवळजवळ फुकट बसलो, चहा-नाश्ता आणि पेट्रोल. लॅबवाले काका स्वतः डीएमएलटी, तीस वर्षांची लॅब. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, किती काढलेत? मी म्हणालो अकरा. लॉगबुक बॅगेतच होतं पण काढलं नाही. ते म्हणाले, बरं झालं खरं बोललास, बस.

तिथं चार महिन्यांत अकरा नाही, सकाळी दहाच्या आत पंधरा व्हायचे. पहिल्या दिवशी एक शेतकरी आजोबा आले, हातावर शिरा दोरखंडासारख्या, मी मनात म्हणलं हे तर सोपं. मारली सुई आणि शीर बाजूला पळाली. परत मारली, परत पळाली. म्हाताऱ्या, वाळलेल्या हाताची शीर वरून ठसठशीत दिसते पण तिला खाली धरून ठेवणारं मांस नसतं, ती सरकते, म्हणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालची कातडी ताणून धरायची, मग मारायची. काकांनी माझा अंगठा धरून तिथं ठेवला आणि एका झटक्यात रक्त. आजोबा म्हणाले, "पोराला शिकू दे की, अजून एक हात हाय."

आणि मग ते वाक्य, जे काका दिवसातून दहादा म्हणायचे, डोळ्यानं बघू नको, बोटानं बघ. दिसणारी शीर चांगलीच असते असं नाही, चांगली शीर बोटाखाली स्पंजसारखी दबते आणि परत वर येते. कोपराच्या मधली मिडियन क्युबिटल पहिली पसंत, नाही तर अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक, आणि आतल्या, अंगाकडच्या बाजूची बेसिलिक शेवटी, कारण तिच्याजवळून धमनी आणि नर्व्ह (मज्जातंतू) जाते. बोटाखाली ठोके लागले की हात काढून घ्यायचा, ती धमनी. हे सगळं इन्स्टिट्यूटमध्ये पण सांगितलं होतं हो, चार्टवर. पण पन्नासएक हात दाबल्याशिवाय बोटाला डोळे फुटत नाहीत, आणि ते पन्नास हात मला २८ हजारांत मिळाले नाहीत, बार्शीत फुकट मिळाले.

अजून एक गंमत, इन्स्टिट्यूटमध्ये सगळं व्हॅक्युमच्या ट्यूब आणि होल्डरवर शिकवलेलं, आणि छोट्या लॅबमध्ये ९० टक्के काम पाच एमएलच्या सिरिंजवर. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की लाल पेशी फुटतात, सुई न काढता दाबून ट्यूबमध्ये रक्त सोडलं तरी फुटतात, स्पिरिट ओलं असताना टोचलं तरी फुटतात (आणि पेशंटला चरचरतं ते वेगळंच). मग सिरम गुलाबी येतं, लॅबवाला ओरडतो "हिमोलाइज झालंय, परत काढ", आणि पेशंट समजतो आपलं रक्त खराब आहे. जांभळी ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची, हलवायची नाही. मी पहिल्या आठवड्यात कोल्ड कॉफी हलवतात तसं हलवत होतो.

होम कलेक्शनबद्दल तर कोर्समध्ये एक तास पण नव्हता, आणि माझ्या बॅचचे जेवढे या लाइनमध्ये टिकले ते जवळजवळ सगळे होम कलेक्शनलाच आहेत. घरात तुम्हाला लॅबची खुर्ची नसते, सोफ्यात रुतलेले आजोबा असतात, हात कुठं टेकवायचा पत्ता नाही, उशी मागून घ्यायची. लाइट पिवळा. कुत्रं असतं, "काही करत नाही तो". आणि उपाशीपोटीची गंमत, विचारलं की काकू काही खाल्लंय का, तर "नाही नाही, फक्त चहा, आणि एक मारी". अहो मग ती फास्टिंग कुठली! वाईट वाटतं पण परत जावं लागतं, कारण साखर चुकीची आली की गोळी वाढते. उपाशीपोटीची राखाडी ट्यूब आणि जेवणानंतर बरोबर दोन तासांची दुसरी, यात ते दोन तास कधीपासून मोजायचे, पहिल्या घासापासून, हे मी रोज चार घरांत समजावतो. आणि ट्यूब राखाडीच का, तर साध्या ट्यूबमध्ये रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के उतरते, राखाडीतलं फ्लोराइड ते रोखतं, आणि हडपसरहून लॅबला पोचायला मगरपट्ट्याच्या सिग्नलवर किती वेळ जातो ते पुणेकरांना सांगायला नको.

लेबलचं पण तसंच. आमच्या सोसायटी-राउंडमध्ये एकाच मजल्यावर दोन पाटील काकू आहेत, समोरासमोर. मी दारातच विचारतो, पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, अर्धझोपेत माणूस कशालाही हो म्हणतो. आणि लेबल रक्त काढल्यावर, पेशंटच्या समोरच लावायचं, आधी लावून ठेवलेल्या ट्यूब म्हणजे घोळाला आमंत्रण. हे मात्र मॅडमनी घासून घेतलं होतं, त्यांचेच दोन स्टार.

बघून ठेवायच्या गोष्टी अजून आहेत, ज्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय त्या हाताला शक्यतो हात लावायचा नाही, डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला तर अजिबातच नाही, सलाइन चालू असलेल्या हातातून नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारायचं आणि मग कापूस जास्त वेळ दाबायचा. कोपर दुमडून बसू नका, हात सरळ ठेवून दाबा, दुमडलं की काळंनिळं होतं. हे मी एवढं लिहितोय कारण कोर्सच्या शेवटच्या परीक्षेत मला विचारलं होतं टर्निकेचे प्रकार किती.

पैशाचं. सुरुवातीला मला १३ हजार मिळत होते, पेट्रोल वेगळं पण कमी पडणारं, आता इन्सेन्टिव्ह धरून २१ पर्यंत जातं, सकाळी साडेपाच ते बारा-एक. दुपारी झोप आणि संध्याकाळी मी बाहेरून डीएमएलटीची चौकशी करतोय, पुढं केंद्रानं २०२१ मध्ये अलाइड हेल्थवाल्यांसाठी (लॅब टेक्निशियनसारख्या कामातले लोक) जो कायदा केला त्याप्रमाणे मान्यताप्राप्त शिक्षणाला वजन येणार असं सगळेच म्हणतात, त्यामुळं सर्टिफिकेटवर कुणाची सही आहे हे बघितल्याशिवाय परत कुठं पैसे भरणार नाही. डिलिव्हरीत महिन्याला यापेक्षा जास्त सुटायचे कधीकधी, हे पण खरं. पण डिलिव्हरीत कुणी मला पाणी विचारलं नाही, इथं अर्ध्या घरांत "बस रे बाळा, चहा घे" होतं, आणि एका आजींची शीर फक्त मलाच सापडते म्हणून त्या लॅबला फोन करून "तो बार्शीचा पाठवा" सांगतात. नाव विसरतात दरवेळी.

तर कोर्स करायचा का? करा, पण ॲडमिशनच्या आधी जाऊन चालू बॅचच्या पोरांना खाली टपरीवर गाठा आणि एकच विचारा, आत्तापर्यंत खऱ्या माणसाला किती वेळा टोचलं. काउन्सिलरला विचारू नका, पोरांना विचारा. आकडा सांगताना पोरगं हसलं तर घरी जा. रबरी हात किती पोरांत किती, पोस्टिंगचं लेखी पत्र मिळतं का आणि त्यात कलेक्शन लिहिलंय का नुसतं "ट्रेनिंग", सर्टिफिकेट हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं आहे का इन्स्टिट्यूटनं स्वतःच छापलेलं, हे पण बघा. सरकारच्या कौशल विकास योजनेत, ती २०१५ पासून चालू आहे, आरोग्याचे काही कोर्स फुकट असतात, आधी आपल्या जिल्ह्यात काही चालू आहे का शोधा, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि वाचायला पाहिजे असेल तर डब्ल्यूएचओनं २०१० मध्ये रक्त काढण्यावर एक मार्गदर्शिका काढलीय, नेटवर फुकट आहे, इंग्रजी सोपं आहे, चित्रं आहेत, आमच्या नोट्सपेक्षा शंभरपट बरी. गावात ओळखीची लॅब असेल तर सुट्टीत जाऊन नुसतं बघत उभं राहा, आपल्याला रक्त बघवतं का हे तरी फी भरायच्या आधी कळेल, आमच्यातल्या तिघांना दुसऱ्या महिन्यात कळलं.

मॅडम आता तिथं शिकवत नाहीत, मागच्या वर्षी सोडलं. त्यामुळं खरं तर आज कुणी ॲडमिशन घेणार असेल तर माझ्या अडीचातले दोन वजा करून बघा.

काउन्सिलरचा मेसेज मात्र मला अजून येतो, दर महिन्याच्या एक तारखेला, लाल अक्षरात, "फ्लेबोटॉमी करिअर, शेवटच्या ५ सीट्स". दोन वर्षं झाली, त्या पाच सीट काय भरत नाहीत.